यंत्राला शिकविणारी मुले

संगणकाला हुकूम सोडावा आणि त्याने त्याची बिनबोभाट तामिली करावी, हा व्यवहार 1967 च्या सुमारास प्रामुख्याने विद्यापीठे, लष्करी खाती आणि मोठ्या कंपन्यांच्या हिशेबकचेऱ्या यांच्यापुरता मर्यादित होता. ती मुखत्यारी दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या हाती द्यावी ही कल्पना त्या काळच्या शहाण्यासुरत्यांना विक्षिप्त वाटली असेल, तर त्यात नवल नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील केंब्रिज येथे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत वॉलेस फॉयर्झिग, सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि डॅनियल बॉब्रो यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा रचली. यांपैकी पॅपर्ट हे प्रिटोरियात जन्मलेले गणिती; जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्या सहवासात काही वर्षे काढल्यामुळे, ज्ञान हे मुलाच्या डोक्यात ओतता येत नाही, ते मूल स्वतः रचते, हा सिद्धान्त त्यांच्या अंगी मुरलेला होता.

लोगोचे नाव निघाले की कासव आठवते. पण आरंभीच्या लोगोत कासव नव्हतेच. टेलिटाइपपुढे बसून मुले शब्दांशी खेळत, यंत्राकडून वाक्ये जुळवून घेत आणि आपल्याकडच्या ‘च’च्या भाषेची इंग्रजी बहीण शोभेल अशी ‘पिग लॅटिन’ त्याला शिकवीत. पेन धरून जमिनीवर फिरणारे यांत्रिक कासव आले ते 1970 च्या आगेमागे, आणि त्याचे नाव ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस बनविलेल्या यंत्रकासवांवरून पडले. पुढे ते पडद्यावरचा एक त्रिकोण झाले.

‘फॉरवर्ड 100, राइट 90’ असे चार वेळा सांगितले की चौरस पुरा होतो; परंतु लोगोचे खरे सामर्थ्य त्यापुढच्या पायरीवर आहे. ‘टू स्क्वेअर’ असे लिहून, त्याखाली या आज्ञा मांडून, शेवटी ‘एंड’ म्हटले की ‘स्क्वेअर’ ही यंत्राच्या लेखी ‘फॉरवर्ड’च्याच दर्जाची आज्ञा होते. प्रोग्रामर ज्याला फंक्शन किंवा प्रोसीजर म्हणतात ते हेच. मग मूल 120 अंशांच्या वळणांनी त्रिकोण शिकविते आणि दोन्ही आज्ञा एकापुढे एक ठेवून घर काढू पाहते, तो छप्पर भिंतींच्या आत पडलेले! कारण उघड आहे: चौरस संपताच कासव डाव्या खालच्या कोपऱ्यात, वर तोंड करून, पूर्ववत उभे असते आणि तेथूनच इमानेइतबारे त्रिकोण काढते. अशा वेळी पॅपर्ट मुलाला उठून स्वतः कासवासारखे चालायला सांगत. चालता चालता त्याला कळे की दोहोंच्या मध्ये ‘फॉरवर्ड 100, राइट 30’ हवे. चूक येथे शिक्षेस पात्र ठरत नाही, ती तपासायची असते. शाळाखात्याला ही गोष्ट पचायला जड जावी, हे स्वाभाविकच.

1980 मध्ये पॅपर्ट यांचे ‘माइंडस्टॉर्म्स’ निघाले, घरगुती संगणकांचा सुकाळ झाला आणि लोगो देशोदेशी पोहोचली. भारतात 1984 मध्ये ‘क्लास’ या सरकारी योजनेखाली शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. पुढे आपल्याकडच्या इंग्रजी शाळांच्या पाठ्यपुस्तकांतही लोगो शिरली. पण माझ्या मते तेथे बहुधा तिची साल आली, गर राहिला. आज्ञांची संक्षिप्त रूपे पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरविणे म्हणजे लोगो, असा समज रूढ झाला. स्वतःची आज्ञा घडविण्याचा अधिकार अभ्यासक्रमाच्या शेवटच्या प्रकरणात, परीक्षा तोंडावर आल्यावर, उरकला गेला.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पॅपर्ट यांचा वारसा चालविणाऱ्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने 2007 मध्ये ‘स्क्रॅच’ ही मुलांची भाषा जगासमोर आणली, तेव्हा तीत आज्ञांचे रंगीत ठोकळे विपुल होते, परंतु मुलाला स्वतःचा ठोकळा बनविण्याची सोय नव्हती. ही उणीव जुने लोगोपंथी असलेल्या बर्कलीच्या ब्रायन हार्वी यांना इतकी खटकली की येन्स म्योनिग या जर्मन प्रोग्रामरसह त्यांनी स्क्रॅचची निराळी आवृत्तीच सिद्ध केली; मूळ स्क्रॅचमध्ये ती सोय यायला 2013 साल उजाडले.