‘पाव’: एका खाद्यनामाचा अर्थप्रवास

नित्याच्या खाद्यनामास हिणवणीचा अर्थ कसा चिकटतो, हे पाहण्यास साष्टीतील मरोळ हे गाव सोयीचे आहे. मराठीत ‘पाव’ हे दोन भिन्न शब्द आहेत. चतुर्थांशवाचक ‘पाव’ संस्कृत ‘पाद’पासून आला, खाद्यवाचक ‘पाव’ पोर्तुगीज ‘पाँउ’पासून. अन्त्य सानुनासिक संयुक्त स्वराचा ‘आव’ होणे हा योगायोग नव्हे. पोर्तुगीज ‘लैलाँउ’चा ‘लिलाव’ही असाच झाला. तेव्हा खाद्य ‘पाव’ चतुर्थांशावरून साधण्याचा लौकिक प्रयत्न टिकत नाही.

१५३४ मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १५७९ मध्ये मरोळनजीक कोंडिवटे येथे जेझुइटांनी चर्च बांधले. १८४० मध्ये साथीमुळे ते सोडून वस्तीने मरोळला नवे चर्च केले. पोर्तुगीज मुलखात पाव ताडीने आंबवीत. त्यामुळे सोवळ्याओवळ्याच्या समाजात तो निषिद्ध ठरला. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविली, ही समजूत पुढे उत्तर कोकणात दृढ झाली. अर्थांतराची पहिली पायरी येथेच दिसते: पदार्थ हा धर्माची खूण बनला.

दुसरी पायरी लक्षणेची. ‘भाले आले’ म्हटल्यावर जसे भालेकरी समजावयाचे, तसा ‘पाव’ या शब्दाने पाव खाणारा समजला जाऊ लागला. मुंबईच्या बोलीतील ‘मकापाव’ हे ख्रिस्ती माणसास हिणविणारे नाव याच वळणाचे आहे. त्यातील ‘मका’ म्हणजे कोकणी ‘माका’, अर्थात ‘मला’, अशी उपपत्ती सामान्यतः देतात. ती ग्राह्य मानल्यास येथे अन्नाबरोबर बोलीचीही थट्टा आहे.

परंतु मरोळच्या ईस्ट इंडियन कुटुंबांना हे नाव लावणे भाषादृष्ट्या चूक होय. १८८७ मध्ये या समाजाने स्वीकारलेले नाव इंग्रजी असले, तरी त्याची बोली उत्तर कोकणातील मराठीची आहे. ‘माका’ हे तिचे रूप नव्हे. त्याच्या घरी तांदळाची भाकरीही पूर्वापार भाजली जाते. म्हणजे हिणविणाऱ्याने आपल्याच भाषेच्या माणसास परका ठरविले.

आज वडापाव हे मुंबईकरांचे सर्वसामान्य अन्न आहे. पावाचा विटाळ गेला. हिणवणीचा शब्द मात्र मागे राहिला. वस्तूविषयीचा ग्रह मावळला, तरी त्यातून घडलेले नाव आपोआप मावळत नाही. कोशकाराने असा शब्द गाळू नये. त्याचा अर्थ नोंदविताना त्यामागील अन्यायही नोंदवावा.