‘वतन’ : मानाचा शब्द, चाकरीची बेडी

१/ वाघोली हे सरदार पिलाजी जाधवरावांचे गाव. २०२१ मध्ये ते पुणे महापालिकेत आले. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. सातबाऱ्यावरील जुने शब्द मात्र टिकून आहेत.

२/ त्यामागचा एक शब्द ‘वतन’. अरबीत अर्थ जन्मभूमी; मराठी कागदांत वंशपरंपरागत हुद्दा आणि त्याच्या मोबदल्यातील जमीन वा हक्क. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही मानाची वतने. तंटा उठला की गोत बसे, महजर होई.

३/ महार वतन निराळे. तुटपुंजी जमीन व बलुते, आणि बदल्यात सरकार व गाव या दोघांची अहोरात्र चाकरी. मुंबई इलाख्याच्या १८७४ च्या कायद्याने हा बांध कायम ठेवला.

४/ शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापुरात महार वतने रद्द केली. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले.

५/ अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपली. आकारणीच्या तिप्पट रक्कम भरल्यावर जमीन वतनदारास परत मिळे. परंतु जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून विकता येत नसे. हीच ‘नवीन शर्त’, आजचा ‘भोगवटादार वर्ग २’.

६/ वर्ग २ ची प्रत्येक जमीन वतनाची नसते. जुने फेरफार वाचले तरच ते उमगते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली त्यांच्या हातून जमीन निसटू नये, ही त्या अटीमागची भूमिका. भाव गगनाला भिडले की हीच अट प्रथम खुपू लागते.