बर्गी आले, झोप बाळा!

बंगाली मित्र असेल तर त्याला एकदा विचारून बघा, लहानपणी आई झोपवताना कोणाची भीती घालायची? तो म्हणेल, बर्गींची. तिकडे एक जुनं अंगाईगीत आहे. गाव निजलंय, बर्गी आलेत, आता सारा कुठून भरायचा, असा त्याचा साधारण भाव. मजेशीर वाटतं ना? पण हे बर्गी म्हणजे कोण? तर आपणच! नागपूरकर भोसल्यांचे बारगीर.

आमच्या भंडाऱ्याकडच्या माणसाला यात जरा जास्तच रस असायला हवा. हा सगळा मुलूख १८५३ पर्यंत भोसल्यांच्या राज्यात होता. लहानपणी रघुजीराजांच्या गोष्टी ऐकल्या त्या अशाच, की आपल्या राजाचे घोडे थेट बंगालपर्यंत गेले. ऐकताना छाती फुगायची. ते घोडे पोचल्यावर तिथे काय झालं, हे गोष्टीत नसायचं. गोष्ट घोड्यांबरोबर निघायची आणि विजयाशी थांबायची.

आता थोडा इतिहास. (कंटाळू नका, थोडाच आहे.) १७४२ साली रघुजी भोसल्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर चौथाई वसूल करायला बंगालमध्ये शिरला. पुढे जवळजवळ दहा वर्षं या स्वाऱ्या होत राहिल्या. १७४४ साली नवाब अलिवर्दी खानाने मानकरा इथे बोलणीसाठी बोलावून भास्कररामाला आणि त्याच्या सरदारांना मारलं. शेवटी १७५१ साली तह झाला. वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली आणि ओरिसा भोसल्यांच्या हाती आला. मधल्या काळात कलकत्त्याच्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचं नावच 'मराठा डिच'. तो पुरा झालाच नाही, पुढे बुजवला.

सुट्टीत भंडाऱ्याला गेलो की भाचे गोष्टी मागतात. गेल्या वेळी हीच गोष्ट दोनदा सांगितली. एकदा नागपूरहून निघालेल्या स्वाराची, आणि दुसऱ्यांदा धान लपवून रानात पळणाऱ्या बंगाली शेतकऱ्याची. धान म्हटल्यावर दोघांचे कान टवकारले. धान म्हणजे काय ते आमच्याकडच्या पोराला सांगावं लागत नाही! पहिल्या गोष्टीत 'चौथाई' हा शब्द होता, दुसऱ्या गोष्टीत त्याच पैशाला 'लूट'. धाकटा लगेच म्हणाला, "मंग खोटं कोण बोलते गा मामा?"

प्रश्न बरोबर आहे. आणि इथेच मोठी माणसं घाईने उत्तर देतात. एक तर म्हणतात, ते लोक आपल्याला बदनाम करतात. नाहीतर म्हणतात, अरे ज्याची त्याची बाजू असते, खरं असं काही नसतंच. मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत. बाजू वेगळ्या असल्या तरी काही गोष्टी दोघांनाही नाकारता येत नाहीत. सैन्य नागपूरहून आलं, पैसे वसूल झाले, गावं जळली, माणसं मेली. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की जे दोन्हींत आहे ते आधी वेगळं काढायचं. मग बघायचं, कोणी कुठला शब्द वापरलाय आणि कोणी काय गाळलंय. मुलांना हे छान जमतं. भांडणात आईसमोर स्वतःची बाजू कशी मांडायची, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं!

गंमत म्हणजे त्याच काळातल्या एका बंगाली कवीलाही हे जमलं होतं. गंगाराम त्याचं नाव. १७५१ च्या सुमारास त्याने 'महाराष्ट्र पुराण' नावाचं काव्य लिहिलं. त्यात आधी मराठ्यांना शिवच धाडतो, कारण बंगालमध्ये पाप फार माजलंय. पण बर्गींचे अत्याचार बघून देवी रागावते आणि नवाबाच्या बाजूने होते. ज्याच्या मुलखावर धाड आली, त्याने आपल्या लोकांची पापंही लिहावीत आणि बर्गींची क्रूरताही झाकू नये... एवढा मोकळेपणा आपल्या गोष्टींत किती असतो?

आणि चाक फिरतंच. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, मुलगा नव्हता, डलहौसीने राज्य खालसा केलं. त्याच्या दृष्टीने हे कायद्याने मिळालेलं राज्य. नागपूरच्या वाड्यातल्या राण्यांच्या दृष्टीने उघड लूट. वाड्यातलं जडजवाहीर लिलावासाठी कुठे गेलं? कलकत्त्याला! हे ऐकून थोरला भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे लुटलेल्यालाच ते लूट वाटते."

एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

तुमसरजवळचा अंबागड बघायला गेलात तर हाच खेळ तिथेही खेळता येईल. तो किल्ला बांधला गेला देवगडच्या गोंड राजाच्या, बख्त बुलंद शहाच्या राजवटीत. पुढे भोसल्यांनी तो कैदखाना म्हणून वापरला. म्हणजे भोसल्यांच्या आधी इथे दुसऱ्याचं राज्य होतं, आणि त्या दुसऱ्याची गोष्ट आमच्या घरात मला कोणी सांगितली नव्हती. पाठ्यपुस्तकात तर ती ओळीभर असली तरी नशीब. मुलांना एवढंच विचारायचं: गोंड घरातली आजी या किल्ल्याची गोष्ट कुठून सुरू करेल? आणि कैदेत असलेला माणूस कुठून?

याने अभिमान कमी होतो, असं काही नातेवाईकांचं मत आहे. (वाचत असाल, तर नमस्कार!) मला तसं वाटत नाही. दुसऱ्याची बाजू ऐकल्यावरही जो उरतो तोच अभिमान टिकाऊ. नाहीतर एखाद्या दिवशी पोरगं शिकायला कलकत्त्याला जाईल, बर्गींची गोष्ट तिथे पहिल्यांदा ऐकेल, आणि मग घरी ऐकलेल्या बाकीच्या गोष्टींवरही त्याचा विश्वास राहणार नाही.

असो. तुमच्या घरात अशी एखादी गोष्ट आहे का, जी पलीकडच्या गावात उलटी सांगतात? असेल तर जरूर लिहा. भाच्यांना पुढच्या सुट्टीसाठी हवीच आहे.