त्वचा, सांधा आणि वेदना : ठाणे–कल्याण परिसराच्या संदर्भात एका रोगज्ञानाचा इतिहास

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या खोऱ्यात, वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे उष्णोदकाची कुंडे आहेत. चिमाजी अप्पाने १७३९ साली वसई जिंकल्यानंतर वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले आणि ह्या स्थानाची कीर्ती वाढली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्यासंबंधीचे खंड १८८२ साली प्रसिद्ध झाले, त्यांतही ह्या झऱ्यांचे वर्णन आले आहे. कुंडातील स्नानाने त्वचेचे विकार बरे होतात व सांधेदुखी हटते, ही समजूत ह्या भागात फार जुनी आहे. त्वचारोगी आणि संधिवाताचे रुग्ण अशा रीतीने एकाच पाण्यात उतरत आले. ह्या दोन पीडा एकाच देहात एकाच कारणाने उद्भवू शकतात काय, हा प्रश्न कुंडावर विचारला जाण्याचे कारण नव्हते. परंतु वैद्यकशास्त्रालाही त्याचे निश्चित उत्तर देण्यास जवळजवळ दीड शतक लागले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आज ज्या विकाराला सोरायसिसजन्य संधिशोथ म्हणतात, त्याच्या ज्ञानाचा इतिहास म्हणजे दोन भेदांचा इतिहास होय. पहिला भेद त्वचा व सांधा ह्यांमधला. तो मिटवावा लागला. दुसरा शोथ व वेदना ह्यांमधला. तो नव्याने ओळखावा लागला. पहिल्या भेदाची कथा बरीच परिचित आहे. दुसऱ्याकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

प्राचीन ग्रंथांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले असून त्यांपैकी सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे मानली आहेत. क्षुद्रकुष्ठांतील एककुष्ठाचे वर्णन घाम न येणारे, विस्तीर्ण आणि माशाच्या खवल्यांसारखे असे आहे. आधुनिक वैद्य सोरायसिसशी त्याची तुलना करतात ती ह्याच आधारावर. ह्याच संहितेत वातरक्ताचे दोन भेद केलेले आढळतात : त्वचा व मांस ह्यांच्या आश्रयाने राहणारे उत्तान, आणि खोल धातूंत शिरलेले गंभीर. त्वचा आणि सांधा ह्यांना एकाच व्याधीची दोन स्थाने मानण्याची कल्पना येथे दिसते. एवढ्यावरून आजचा रोग प्राचीनांना ठाऊक होता, असा निष्कर्ष काढणे मात्र सयुक्तिक नाही. वातरक्ताचे वर्णन पुष्कळ अंशी युरिक आम्लामुळे होणाऱ्या संधिविकाराशी जुळते, आणि जुन्या नावात नवा रोग शोधण्याची घाई इतिहासाला मानवत नाही. खरे लक्षणीय आहे ते सुश्रुताचे एक सूत्र. व्रणशोथाच्या विवेचनात वेदनेचे कारण वात आणि पाकाचे कारण पित्त, असा स्पष्ट विभाग त्याने केला आहे. वेदना व पाक एकत्र आढळले तरी त्यांची कारणे भिन्न आहेत, हे तत्त्व त्यात अनुस्यूत आहे. पाश्चात्त्य परंपरेत सेल्ससने लाली, सूज, उष्णता व वेदना अशी शोथाची चार लक्षणे सांगितली. तेथे वेदना शोथाच्या चिन्हांपैकी एक ठरली, आणि पुढील वैद्यकाने दीर्घकाळ तीच दृष्टी स्वीकारली.

त्वचेच्या बाजूने पाहिले असता ह्या रोगाचा इतिहास कुष्ठाच्या भयाशी जखडलेला दिसतो. इंग्लंडात रॉबर्ट विलन ह्याने १८०८ साली खवल्यांच्या विकारांचे पद्धतशीर वर्णन केले, पण त्यांतील एका प्रकाराला त्याने लेप्रा हेच नाव ठेवले. व्हिएन्नाच्या हेब्राने १८४१ च्या सुमारास हा नामसंकर दूर केला. हॅन्सनने १८७३ साली कुष्ठाचा जंतू पाहिला, आणि १८७४ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री व्हँडाइक कार्टर ह्याचा कुष्ठरोगावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांपुरता प्रश्न सुटत चालला होता. समाजात तो सुटला नव्हता. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना आश्रमात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. अंगावर पांढुरके खवले असलेल्या मनुष्याकडे महारोगी म्हणून पाहण्याची वृत्ती कोकणात व अन्यत्रही खोलवर रुजलेली होती. कल्याणच्या पत्रीपुलाजवळील कुष्ठरुग्णांची वसाहत त्या बहिष्काराची आठवण आजही देते. ह्यातील विपर्यास ध्यानात घेण्यासारखा आहे. कुष्ठाच्या चट्ट्याची प्रमुख खूण बधिरता. सोरायसिसच्या चट्ट्यात संवेदना शाबूत असते आणि त्याच्या सोबतीला येणाऱ्या संधिशोथाची खूण तर वेदनाच. ज्याला दुखते त्याला, ज्याला काही जाणवत नाही अशांच्या रांगेत उभे केले गेले.

सांध्याच्या बाजूने ह्या ज्ञानाचा आरंभ फ्रान्समध्ये झाला. अलिबेरने १८१८ साली सोरायसिस व संधिविकार ह्यांचे साहचर्य नोंदविले. बाझँने १८६० साली त्याला स्वतंत्र संज्ञा दिली. बूर्दियोंने १८८८ साली ह्याच विषयावर प्रबंध लिहिला. तथापि नंतर हे साहचर्य केवळ योगायोगाचे आहे, सोरायसिसच्या रुग्णाला आमवातही झाला एवढाच त्याचा अर्थ, असे मत प्रबळ झाले. हा वाद सुटण्यास साहाय्य झाले ते रक्तपरीक्षेचे. वालर (१९४०) व रोझ (१९४८) ह्यांच्या कार्यातून रक्तातील आमवातदर्शक घटक ओळखता येऊ लागला, आणि सोरायसिससह सांधे सुजलेल्या बहुसंख्य रुग्णांत तो सापडत नाही असे आढळले. इंग्लंडमधील लीड्स येथे व्हर्ना राइट ह्यांनी १९५६ पासून अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. बोटांच्या टोकाकडील सांधे, नखांवरील खाचा, अखंड बोटाची सूज, मणक्यांचा सहभाग अशी वैशिष्ट्ये त्यातून पुढे आली. १९६४ साली अमेरिकन संधिवात संघटनेने हा स्वतंत्र रोग म्हणून मान्य केला. मोल व राइट ह्यांनी १९७३ साली त्याचे पाच प्रकार मांडले. २००६ साली ५८८ रुग्ण व ५३६ इतर संधिरोगी ह्यांच्या तुलनेवरून कॅस्पर निकष सिद्ध झाले. त्यांत रुग्णाच्या अंगावर चट्टा नसला तरी नात्यातील सोरायसिसलाही गुण दिला जातो. काही जणांत सांधे आधी सुजतात व त्वचा मागाहून बिघडते, ह्या अनुभवाला त्यामुळे मान्यता मिळाली.

रोग एक आहे हे ठरल्यावर त्याचा शोथ समजून घेण्याचे कार्य वेगाने झाले. त्यात एका भारतीयाचा अप्रत्यक्ष वाटा आहे. येल्लाप्रगड सुब्बाराव ह्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत अमिनोप्टेरिन हे द्रव्य सिद्ध झाले. १९५१ साली गुबनर व त्यांचे सहकारी हे औषध संधिवातावर वापरीत असता सोरायसिसचे चट्टेही ओसरताना दिसले. ह्याच कुळातील मेथोट्रेक्सेट पुढे दोन्ही विकारांचे प्रमुख औषध झाले. औषधाने त्वचा व सांधा ह्यांचे नाते असे अनपेक्षितपणे उघड केले. १९९० नंतरच्या संशोधनात हा शोथ पुष्कळदा कंडरा व अस्थिबंध हाडाला जेथे जुळतात तेथे सुरू होतो, हा विचार पुढे आला. टाचेचे दुखणे ह्या रुग्णांत इतके का आढळते ह्याचा उलगडा त्यामुळे झाला. प्रतिकारशक्तीच्या पेशी परस्परांना संदेश देण्यासाठी जी प्रथिने स्रवतात, त्यांपैकी टीएनएफ व इंटरल्यूकिन १७ आणि २३ ह्यांना अडविणारी औषधे २००० नंतर क्रमाने उपलब्ध झाली. सांध्यांचा नाश रोखणे त्यामुळे प्रथमच बऱ्याच अंशी शक्य झाले.

येथेच दुसरा भेद समोर येतो. सूज उतरली, रक्तातील शोथाची चिन्हे सामान्य झाली, तरी कित्येक रुग्णांचे दुखणे थांबत नाही. उलट, शोथ चालू असतानाही रक्ताची तपासणी निर्दोष येणारे रुग्ण ह्या रोगात थोडे नाहीत. मेल्झॅक व वॉल ह्यांनी १९६५ साली मांडलेल्या द्वारसिद्धांताने वेदना ही इजेची सरळ प्रतिकृती नसून मज्जारज्जूत तिचे नियमन होते, हा विचार रुजविला. दीर्घकाळच्या शोथाने मज्जातंतू अतिसंवेदनशील होतात, निद्रानाश व खिन्नता ह्यांनी ती संवेदनशीलता वाढते, हे नंतर स्पष्ट झाले. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०१७ साली, इजा किंवा मज्जातंतूचा रोग ह्यांनी स्पष्ट न होणाऱ्या वेदनेसाठी तिसरी स्वतंत्र संज्ञा स्वीकारली. वेदना आणि पाक ह्यांची कारणे वेगळी मोजण्याची गरज अशा प्रकारे निराळ्या वाटेने पुन्हा मान्य झाली.

महाराष्ट्रात वेदनेपासून प्रारंभ करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे झाला. डॉ. अरविंद चोप्रा ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९९६ साली तेथे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड पद्धतीने पाहणी सुरू झाली. ह्या पद्धतीत प्रथम घरोघर जाऊन कोठे दुखते हे विचारतात व नंतर वैद्य तपासतो. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के व्यक्तींना असे दुखणे असल्याचे आढळले. रुग्णालयात येणाऱ्यांवरूनच रोगाची व्याप्ती ठरविण्याच्या रूढीला ह्या पाहणीने छेद दिला.

ठाणे–कल्याण पट्ट्यात ह्या ज्ञानाची कसोटी विशेष कठीण आहे. १८५३ साली ठाण्यापर्यंत व १८५४ साली कल्याणपर्यंत आलेल्या लोहमार्गाने, आणि १९६२ नंतर वागळे इस्टेट व डोंबिवली येथे वाढलेल्या औद्योगिक वसाहतींनी, येथील जीवन घड्याळाला बांधले. ह्या रोगात सांधे सर्वांत अधिक ताठलेले असतात ते पहाटे. आणि डोंबिवलीच्या फलाटावर गर्दीत उभे राहण्याची वेळही तीच. दुपारपर्यंत हातपाय मोकळे झालेल्या कामगाराचे सकाळचे दुखणे आळसात जमा होणे सोपे असते. चट्टे त्वचेच्या वैद्याला, गुडघा हाडांच्या वैद्याला आणि टाच औषधाच्या दुकानदाराला दाखविली, तर एकच रोग तीन ठिकाणी विभागला जातो. विलंबाची किंमतही आता मोजली गेली आहे : निदानास सहा महिन्यांहून अधिक उशीर झाल्यास सांध्यांची हानी व अपंगत्व वाढते, असे आयर्लंडमधील अभ्यासात २०१५ साली दाखविण्यात आले.

तानसाकाठच्या कुंडांकडे पुन्हा पाहिले असता त्यांचे स्थान नीट ठरविता येते. उष्ण पाण्याने ताठरपणा कमी होतो, स्नायू सैल होतात, काही काळ दुखणे थांबते. हा आराम खरा आहे. परंतु त्याने रोगाची गती थांबत नाही, आणि आराम म्हणजेच उपचार असे मानणाऱ्याचे सांधे आतून झिजत राहतात. आधुनिक वैद्यकाची चूक नेमकी उलट दिशेने संभवते : शोथ थांबला म्हणजे वेदना थांबलीच पाहिजे, असे गृहीत धरून उरलेल्या दुखण्याला ते खोटे ठरवू शकते. वेदना शमली म्हणून रोग गेला नाही, आणि रोग शमला म्हणून वेदना गेली असे नाही, ही दोन्ही सत्ये एकत्र ध्यानात ठेवणे हेच दोन शतकांच्या ह्या इतिहासाचे फलित होय. त्वचा आणि सांधा एकत्र तपासणारा, आणि शोथ मोजून झाल्यावरही दुखते काय असे विचारणारा वैद्य लाभणे, ह्यावर ह्या पट्ट्यातील रुग्णाचे हात कामाचे राहतात की नाही हे अवलंबून आहे.