वाकळ आणि आर्पिलेरा : हिंसक वियोगानंतरचे सामुदायिक वस्त्रशिल्प

प्रस्तावना

जुनी लुगडी, धोतरे व उरलीसुरली कापडे एकावर एक अंथरून, त्यांवर धावदोरा घालून शिवलेले जाड अंथरूण-पांघरूण म्हणजे वाकळ होय. महाराष्ट्राच्या अन्य भागांत तिला गोधडी म्हणतात. कोल्हापूर परिसरात वाकळ गरजेतून जन्मली. तथापि ती केवळ उबेची वस्तू राहिली नाही. निवर्तलेल्या आईचे वा आजीचे लुगडे वाकळीत घालून नातवंडांनी ते पांघरावे, हा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे. चार बायका वाकळीच्या चार बाजूंना बसून टाके घालतात, तेव्हा सुखदुःखाच्या गोष्टीही आपोआप निघतात.

घरात झालेल्या मृत्यूला आपल्या समाजाने अंत्यसंस्कार, सुतक, दहावा-तेरावा अशी चौकट दिली आहे. मात्र जेथे देहच हाती येत नाही, किंवा मृत्यू झाल्याचेच सत्ता नाकारते, तेथे ही चौकट अपुरी पडते. अशा वियोगात वस्त्रशिल्पाने कोणते कार्य केले, याचा विचार प्रस्तुत लेखात चिली या देशाच्या उदाहरणाद्वारे केला असून, त्यातून कोल्हापूरच्या इतिहासलेखनापुढे येणारा प्रश्न मांडला आहे.

चिलीतील आर्पिलेरा

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्कराने साल्वादोर अलेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथून टाकले व जनरल पिनोशे यांची राजवट सुरू झाली. हजारो लोकांना अटक झाली. त्यांपैकी अनेकांचा पुढे ठावठिकाणा लागला नाही, आणि त्यांना पकडल्याचेही अधिकारी नाकारत. तुरुंग, रुग्णालये व शवागारे यांचे उंबरठे झिजवणाऱ्या स्त्रिया तेथेच एकमेकींना भेटल्या. पुरुष नाहीसे झाल्यामुळे घरांत अन्नाचाही प्रश्न होता.

या स्त्रियांसाठी १९७४ पासून सांतियागो शहरात चर्चच्या आश्रयाने शिवणकामाच्या कार्यशाळा सुरू झाल्या. १९७६ मध्ये कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेझ यांनी स्थापन केलेल्या ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ या संस्थेने त्यांना आधार दिला. स्पॅनिश भाषेत ‘आर्पिलेरा’ म्हणजे गोणपाट. गोणपाटावर किंवा पिठाच्या पोत्यावर चिंध्या जोडून स्त्रिया चित्रे शिवू लागल्या. काहींनी नाहीशा झालेल्या माणसाच्या कपड्यांचे तुकडेही त्यांत वापरले. वर आन्देस पर्वत व सूर्य, खाली अटकेचा प्रसंग, सामुदायिक स्वयंपाकघर किंवा ‘ते कोठे आहेत?’ असे विचारणारा फलक, अशी त्यांची रचना असे. वरकरणी ही चित्रे खेळकर, रंगीत दिसत.

तयार कापडे संस्था विकत घेई व परदेशी पाठवी. त्यामुळे चूल पेटली आणि देशातील वृत्तपत्रांना जे छापता येत नव्हते ते कापडावरून जगापर्यंत पोहोचले. १९९० मध्ये लोकशाही परतली. तथापि हजाराहून अधिक व्यक्तींचे अवशेष अद्याप सापडलेले नाहीत. त्यांच्या शोधासाठी चिली सरकारला २०२३ मध्येही राष्ट्रीय योजना जाहीर करावी लागली.

साम्य व भेद

वाकळ व आर्पिलेरा या दोन्हींत जीर्ण कापडाला नवे रूप मिळते, दोन्ही स्त्रियांच्या एकत्र बसण्यातून घडतात आणि दोन्हींत गेलेल्या माणसाचा स्पर्श राखला जातो. भेदही महत्त्वाचा आहे. वाकळ घरात राहते. तिचा अर्थ घरच्यांनाच ठाऊक असतो आणि जाणती माणसे गेली की तो अर्थही जातो. आर्पिलेरा घराबाहेर पडण्यासाठीच शिवली गेली. ती स्मरणाबरोबर साक्षही देते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दुःख हलके होते ते केवळ सुईदोऱ्यामुळे नव्हे. हाताला काम मिळणे, समदुःखी व्यक्तींचा सहवास लाभणे आणि आपले सांगणे कोणीतरी खरे मानणे, या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे ते घडते. शिवणकामाने नाहीशी झालेली माणसे परत आली नाहीत, न्यायालाही पर्याय मिळाला नाही; परंतु न्याय मागण्याइतके बळ टिकून राहिले.

कोल्हापूरच्या इतिहासलेखनापुढील प्रश्न

कोल्हापूर परिसर हा मराठा पलटणींच्या भरतीचा एक प्रदेश होय. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी हे गाव तर ही परंपरा नावातच वागवते. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये मेसोपोटेमियातील कुत येथे शरण आलेल्या सैन्यात मराठा पलटणी होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्या इटलीत लढल्या. दोन्ही महायुद्धांत परदेशी पडलेल्या सैनिकांचे देह गावी परतले नाहीत. त्यांची नावे सैनिकी नोंदींत व स्मारकांवर आहेत. परंतु त्यांच्या आया व पत्नींनी देहावाचून हा वियोग कसा निभावला, हे कागदोपत्री शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. लिहिता न येणाऱ्या स्त्रीचा दस्तऐवज कोठे शोधावा, हाच खरा प्रश्न आहे.

प्रत्येक वाकळीत शोककथा वाचणे अर्थातच अनैतिहासिक ठरेल. वाकळ चित्र दाखवत नाही. ती शिवणाऱ्या वा पांघरणाऱ्या व्यक्तीच्या निवेदनाविना ती मूक आहे. म्हणून कोणते कापड कोणाचे, ते केव्हा व का घातले, शिवायला कोण बसले होते, याची मौखिक नोंद वाकळीबरोबरच व्हावयास हवी. गावोगावच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हे कार्य करता येईल. कारण ती वाकळ पुष्कळदा विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच घरात असते.

समारोप

चिलीच्या स्त्रियांनी चिंध्यांतून साक्ष उभी केली, कारण तिची मागणी करणारे कोणीतरी होते. आपल्याकडील वाकळींना तसे विचारणारे फारसे लाभले नाहीत. विकतच्या ब्लँकेटांपुढे जुन्या वाकळी मागे पडत असताना आणि त्यांचा अर्थ सांगणारी पिढी वृद्ध होत असताना, हा प्रश्न विचारण्यास विलंब करणे इतिहासाच्या अभ्यासकास परवडणारे नाही.