सातबाऱ्यावर मालक कुठे लिहिलाय?

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, एक जमीन बघितलीय. सातबारा एकदम क्लिअर, आणि भाव बाजाराच्या निम्मा!" इसार दिलास का, विचारलं तर म्हणाला, अजून नाही. म्हटलं, थांब मग, तुला एक जुनी गोष्ट लिहून पाठवतो. तीच इथे टाकतोय, म्हणजे बाकीच्या भाचेमंडळींनाही उपयोगी पडेल.

२००५ साली मीही असाच हुरळलो होतो. पुण्यापासून दीड तासावर दोन एकर. गावी वडिलोपार्जित तुकडा असल्यामुळे शेतकरी दाखल्याचा प्रश्न नव्हता. बाबांच्या निवृत्तीचे पैसे नुकतेच हातात आले होते. एजंट म्हणाला, "दोन पार्ट्या मागे लागल्यात, शनिवारपर्यंत इसार द्या." मी सातबारा घेऊन तात्यांकडे गेलो. तात्या म्हणजे माझे काका, तलाठी म्हणून निवृत्त झालेले.

त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "यावर मालक कुठे लिहिलाय, दाखव."

मी बघितलं. लिहिलं होतं "भोगवटादार". मालक हा शब्दच नव्हता! इतकी वर्षं सातबारा म्हणजे मालकी असं धरून चाललो होतो.

याचं कारण इतिहासात आहे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांना पहिली काळजी साऱ्याची होती. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. मोजणी चुकीची, त्यात कारकुनांची लाचखोरी; लोक शेतं टाकून निघून गेले. मग १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केलं. शेताला सर्व्हे नंबर, हद्दीला दगड, तीस वर्षं सारा कायम. आपला गुंठा, म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, हा त्याच साखळीच्या मोजणीतला. पण त्या सगळ्या खटाटोपातला प्रश्न एकच होता: या तुकड्याचा सारा कोण भरणार? खरा हक्क कुणाचा, हा नव्हे.

वहीतलं नाव आणि शेतातला माणूस यांची फारकत होत गेली. मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते कागदांनी गळा आवळला म्हणूनच. हक्कांची स्वतंत्र नोंद ठेवायचा कायदा मुंबई इलाख्यात आला तो थेट १९०३ साली. गाव नमुना सात हा त्याचाच वारस. बारा म्हणजे पिकांची नोंद. आजही महसुली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरतात, इतकंच. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने कितीदा तरी सांगितलंय. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्त नोंदला जातो. विकणाऱ्याची मालकी खरी आहे की नाही हे सब-रजिस्ट्रार तपासत नाही. ती तपासणी घेणाऱ्याने करायची.

तात्यांनी मग नावांशेजारच्या वर्तुळातल्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हे फेरफार काढून आण. सगळे, मागपर्यंत."

आणले. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी कूळकायद्याने कसणारं कूळ मालक मानलं गेलं, आणि ही जमीन तशी मिळालेली. इतर हक्कात "कलम ४३ ला पात्र" असा शेरा होता. एजंट म्हणाला होता, ते सगळ्यांच्याच उताऱ्यावर असतं. अर्थ असा की कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्री अवैध. (२०१४ च्या दुरुस्तीनंतर दहा वर्षं झालेल्या अशा जमिनीला आकाराच्या चाळीस पट भरून ही अट सुटते. पण आम्ही होतो २००५ मध्ये.)

पुढचा फेरफार वारसांचा, १९८० च्या सुमाराचा. कूळ वारलं, दोन मुलांची नावं लागली. तात्या म्हणाले, "मुली नव्हत्या? जाऊन विचार."

रविवारी बाबा आणि मी गेलो. बांधावर शेजारच्या शेतकऱ्याने बहिणीचं घर दाखवलं. म्हाताऱ्या बाईंनी चहा केला. जमीन विकतायत हे त्यांना आमच्याकडूनच कळलं. १९५६ च्या वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलगीही वारस, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझा बाप कसत होता ती जमीन. मला एकदा सांगायचं तरी."

परतीच्या एसटीत बाबा गप्प होते. स्वारगेटला उतरताना म्हणाले, "भाव निम्मा का होता ते कळलं." आम्ही इसार दिला नाही.

तर भाच्या, स्वस्त जमीन सापडली की आधी ती स्वस्त का आहे ते शोध. कधी कारण साधं असतं. कुणाला मुलीच्या लग्नाची घाई असते, कुणाला परगावी जायचं असतं. मग खुशाल घे. पण सगळे फेरफार वाच, तीस वर्षांचा सर्च घे, सरकारी मोजणी कर, पेपरात नोटीस दे. आणि बांधावर जा. आता सातबारा घरबसल्या मोबाईलवर मिळतो, पण बहिणींचं घर अजून विचारतच जावं लागतं.

असो. तात्या आता नाहीत. रविवारी भाच्याबरोबर मीच जाणार आहे.