हवामान बदल आणि मानसिक आरोग्य

वाढते तापमान, अवर्षण, अतिवृष्टी, महापूर आणि चक्रीवादळे यांचा व्यक्तीच्या व समाजाच्या मनःस्वास्थ्यावर होणारा परिणाम हा सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासाचा एक विषय आहे. आंतरसरकारी हवामान बदल समितीने (आयपीसीसी) २०२२ च्या अहवालात या परिणामांची दखल घेतली आहे.

परिणामांचे स्वरूप

परिणाम सामान्यतः तीन प्रकारचे असतात. आपत्तीत आप्त, घर वा गुरेढोरे गमावलेल्यांमध्ये आघातोत्तर तणाव, नैराश्य व निद्रानाश आढळतो. दुष्काळ, कर्जबाजारीपणा व स्थलांतर यांमुळे येणारा ताण सावकाश साचत जातो. तिसरा प्रकार भविष्याविषयीच्या चिंतेचा आहे. भारतासह १० देशांतील १६ ते २५ वयोगटातील १०,००० युवकांच्या पाहणीत (२०२१) ५९ टक्के युवकांनी हवामान बदलाविषयी तीव्र चिंता व्यक्त केली. राहते ठिकाण न सोडताही परिसर डोळ्यांदेखत उजाड होताना वाटणाऱ्या व्यथेला ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ ग्लेन अल्ब्रेख्त यांनी ‘सोलास्टॅल्जिया’ ही संज्ञा दिली.

मनोविकारांवरील काही औषधांमुळे शरीराची तापमान-नियंत्रणाची क्षमता मंदावते. त्यामुळे अशा रुग्णांना उष्णतेच्या लाटेत अधिक धोका संभवतो.

शेती आणि आत्महत्या

टॅमा कार्लटन यांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार, भारतात पिकांच्या वाढीच्या हंगामात तापमान वाढल्यास आत्महत्यांचे प्रमाण वाढते. इतर महिन्यांत मात्र असा संबंध दिसत नाही. पीकहानी हा त्यामागील दुवा असल्याचे यावरून सूचित होते. तथापि आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते. मराठवाडा व विदर्भ या प्रदेशांत कोरडवाहू शेती, पावसाचा लहरीपणा, कर्ज आणि शेतमालाचे अस्थिर भाव ही कारणे परस्परांत गुंतलेली आहेत.

धोरणात्मक उपाय

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये आपत्तीकाळातील मनोसामाजिक साहाय्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. महाराष्ट्र शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा स्वयंसेविका शेतकरी कुटुंबांच्या भेटी घेऊन तणावग्रस्त व्यक्तींना समुपदेशनापर्यंत पोहोचवतात. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२२ मध्ये हवामानविषयक धोरणांत मानसिक आरोग्याचा समावेश करण्याचे आवाहन केले. तिच्या २०२१ च्या सर्वेक्षणातील ९५ देशांपैकी केवळ ९ देशांनी आपल्या आरोग्य व हवामान बदल आराखड्यांत या साहाय्याचा अंतर्भाव केला होता. ताणाचे मूळ उपजीविकेच्या असुरक्षिततेत असल्यास केवळ समुपदेशन पुरेसे ठरत नाही. पीकविमा, वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई, सिंचन आणि संस्थात्मक कर्ज हे उपायही मानसिक आरोग्याच्या रक्षणाशी निगडित आहेत.